मोजणीत आलेली वर्षं

"एवढी वर्षं याच कामात आहेस, मग परीक्षेला बसायला परवानगी कसली मागायची?" आईने फोनवर विचारलं. प्रश्न रास्त होता. उत्तर सापडायला मला तीन महिने लागले.

किरणोत्सारापासून माणसांना जपणं हे माझं काम. अमेरिकेत या व्यवसायात 'सर्टिफाइड हेल्थ फिजिसिस्ट' या प्रमाणपत्राला मान आहे. परीक्षेचे दोन भाग. पहिला तीन तासांचा, 150 पर्यायी प्रश्नांचा. तो अनुभव पुरा होण्याआधीही देता येतो आणि मी तो उत्तीर्ण झाले होते. दुसरा सहा तासांचा, गणितं सोडवून उत्तरं लिहिण्याचा. त्यासाठी सहा वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो. नुसत्या नोंदी घेण्याचं तंत्रज्ञाचं काम त्यात धरत नाहीत.

मी हिशेब मांडला. 2007 ते 2011 मुंबईतलं एक रुग्णालय. मग लग्न, एच-फोर व्हिसा आणि नोकरीला बंदी. 2015 साली नियम बदलला. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या काही जणांच्या जोडीदारांना काम करता येऊ लागलं, त्यात मीही होते. एका विद्यापीठात तंत्रज्ञ म्हणून लागले. प्रयोगशाळांची टेबलं कागदाच्या चकतीने पुसायची, चकत्या यंत्रात मोजायच्या, सगळ्यांच्या छातीवरचे बॅज गोळा करायचे. हे सहा वर्षं चाललं. आताचं पद 2021 पासूनचं. अर्ज भरला 2024 मध्ये. म्हणजे सतरा वर्षांतली तीनच मोजणीत येत होती! मुंबईची चार धरली, तरच दार उघडणार होतं.

मुंबईत आम्ही सिव्हर्टमध्ये मोजायचो, इथे रेममध्ये मोजतात. एक सिव्हर्ट म्हणजे शंभर रेम, तो हिशेब सोपा. अनुभवाचा हिशेब तसा नव्हता.

माझ्या इथल्या वरिष्ठ बाईंनी मसुदा वाचला आणि विचारलं, "तू काय काय मोजलंस ते कळलं. पण ठरवलंस काय?"

रात्री भांडी घासताना ते बाकडं आठवलं. एक्स-रे खोलीच्या दाराशी रुग्णांचे नातेवाईक त्यावर बसत. एकदा तपासणीत तिथे मीटरचा आकडा नको तितका वर गेला. दाराच्या आतला शिशाचा पत्रा घसरून खाली आला होता आणि वर फट पडली होती. मी खोली बंद करायला सांगितली. बाहेर रांग, आत व्यवस्थापक संतापलेले. मी सव्वीस वर्षांची, आवाज कापत होता. पण दार दुरुस्त होऊन पुन्हा मोजणी होईपर्यंत खोली उघडू दिली नाही.

याला साक्षीदार एकच, माझे तेव्हाचे सर. ते आता निवृत्त होऊन मिरजेला असतात. तेरा वर्षांत मी त्यांना साधा दिवाळीचा फोनही केला नव्हता. इथे घरी बसून होते, हे सांगायची लाज वाटायची. शेवटी धीर करून फोन लावला, नाव सांगितलं.

"अगं, दाराजवळचं बाकडं हलवलंस ती ना तू?" सर म्हणाले. "तुला वाटलं मी विसरलो?"

मला बोलता येईना.

त्यांचं पत्र आठवड्यात आलं. त्यात माझं कौतुक कमी आणि त्या दिवसाचा तपशील जास्त होता. अर्जाला तेच हवं होतं. मुंबईची चारही वर्षं धरली गेली. येत्या उन्हाळ्यात मी दुसऱ्या भागाला बसते आहे. पास होईन की नाही, ते तेव्हा कळेल.

आपल्या मंडळात व्हिसामुळे घरी बसलेल्या बऱ्याच जणी आहेत. त्यांना एवढंच सांगते. तिकडे तुम्ही काय ठरवलंत, कुठे अडून बसलात, ते आजच वहीत लिहून ठेवा. आणि ज्यांनी ते पाहिलं, त्यांना या दिवाळीत फोन करा. लाजू नका. त्यांच्या लक्षात असतं.