पट काढला, पण सोडला नाही

शिट्टी वाजली तेव्हा मी समोरच्या पोराच्या दोन्ही मांड्या छातीशी आवळून जमिनीवर पडलो होतो. शाळेत गुरुजींनी शिकवला होता तसाच पट बसला होता. मला वाटलं, गडी बाद. ऐटीत वर बघितलं, तर आमचे कोच कपाळाला हात लावून उभे. "विडु डा, विडु!" ते ओरडत होते. मी आणखी आवळलं. चेन्नईत येऊन तेव्हा मला जेमतेम चार महिने झाले होते. 'पिडी' म्हणजे धर, एवढं तमिळ मला येत होतं. 'विडु' म्हणजे सोड, हे त्या संध्याकाळी कळलं.

रग्बीशी माझी ओळख झाली ती अशी. गाव कराडजवळचं, हाडात कबड्डी, नोकरी चेन्नईच्या ओएमआर रस्त्यावरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आणि वय पस्तिशी ओलांडलेलं. ऑफिसातल्या एकाने "अण्णा, तुम्ही कबड्डी खेळलाय ना? मग चला," म्हणून नेलं. शहरात चेन्नई चीताजसारखे नावाजलेले हौशी क्लब होतेच. आमचा संघ त्यांच्यापुढे किरकोळ. त्यात दोन-तीन बँकवाले, एक दंतवैद्य, एक स्विगीवर डिलिव्हरी करणारा आणि बाकी आम्ही संगणकापुढे पाठ वाकवणारे. मे महिन्यात सराव पहाटे साडेपाचला, कारण सातनंतर चेन्नईचं ऊन माणसाला उभं राहू देत नाही. पावसाळ्यात मैदानाचं तळं झालं की बेसंट नगरच्या किनाऱ्यावर वाळूत. वाळूत पडलं तर लागत नाही, पण पळून पळून पोटऱ्या दगड होतात.

सरावाला जाताना नंदनमचं वायएमसीए शारीरिक शिक्षण महाविद्यालय वाटेत लागतं. हॅरी क्रो बक या अमेरिकन माणसाने ते 1920 साली सुरू केलं, आणि 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूबरोबर व्यवस्थापक म्हणून तेच गेले होते. रग्बी तर आपल्याकडे त्याहून जुनी. कोलकात्यातल्या इंग्रजांनी 1870 च्या दशकात क्लब काढला. काही वर्षांत तो बंद करायची वेळ आली तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्यांचा चषक केला. झाकणावर हत्ती, कडीला नाग. इंग्लंड आणि स्कॉटलंड 1879 पासून आजतागायत त्या कलकत्ता कपासाठी भांडतात. आमच्या दंतवैद्याला ही गोष्ट फार आवडायची. संघाची वर्गणी कोणी थकवली की तो म्हणायचा, "भर बाबा, कधीतरी वितळवायला उपयोगी पडेल."

आम्ही खेळायचो तो सेव्हन्स. पंधरा जणांच्या रग्बीचा हा आटोपशीर भाऊ. स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात क्लबाच्या गाठीला पैसा हवा होता, म्हणून नेड हेग नावाच्या खाटकाने 1883 मध्ये तो काढला. सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. कबड्डीवाल्याला त्यात बरंच ओळखीचं सापडतं. दोन्हीकडे मैदानात सात, बाकावर पाच. दोन्हीकडे पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर. फरक जागेचा. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान तेरा मीटर बाय दहा, आणि इथे तेवढीच माणसं शंभर मीटर बाय सत्तरमध्ये सोडलेली. चौदा मिनिटं ऐकायला कमी वाटतात. पहिल्या सामन्यात चौथ्या मिनिटालाच मला गावातली मेलेली माणसं दिसायला लागली होती.

दुसरा फरक मोठा, आणि तो माझ्या अंगात उतरायला वर्षं लागली. कबड्डीत एकदा धरलं की दम जाईपर्यंत सोडायचं नाही. सात जणांची साखळी, चढाईवाला खाली, पंचांचा हात वर, तोवर बोटं ढिली करणारा खेळाडू आमच्या तालमीत शिव्या खायचा. रग्बीत धरायचं, पाडायचं आणि तत्क्षणी सोडायचं. पाडणाऱ्याने माणूस सोडायचा, पडणाऱ्याने चेंडू सोडायचा. मग ज्याचे पाय जमिनीवर भक्कम, त्याने चेंडूसाठी झगडायचं. माझी पकड संघात सगळ्यांत चांगली होती आणि सगळ्यांत जास्त पेनल्टीही माझ्याच नावावर होत्या. कोच म्हणायचे, "अण्णा, तुमचा हात सोनं आहे. फक्त तो उघडत नाही."

2024 च्या ऑगस्टात कोलंबोतल्या हौशी क्लबांच्या एका स्पर्धेचं बोलावणं आलं. परदेश दौरा म्हणजे काय, तर प्रत्येकाने आपापलं तिकीट काढायचं. चेन्नईहून कोलंबो विमानाने सव्वा-दीड तास, म्हणजे ओएमआरवरून संध्याकाळी घरी पोचायला लागतो त्याहून कमीच. जर्सीचे पैसे वेलाचेरीतल्या एका बिर्याणीवाल्याने दिले. बदल्यात आमच्या बाराही जणांच्या पाठीवर बिर्याणीची हंडी छापली गेली. बायकोने ती बघितली आणि म्हणाली, "निदान हरलात तरी लोकांना काहीतरी लक्षात राहील." बिर्याणीवाला पासपोर्ट काढून स्वतः येणार होता. शेवटी त्याने मसाल्याची पाकिटं पाठवली.

आम्ही वेल्लवत्तेत उतरलो. कोलंबोतला हा तमिळ भाग, लॉज स्वस्त, सकाळी इडियप्पम आणि सांबार. आमच्या पोरांना घरी आल्यासारखं वाटलं. रिक्षावाल्याने पाठीवरची हंडी बघून आधी विचारलं, हॉटेल काढताय का? रग्बी म्हटल्यावर मात्र तो गाडी चालवतानाच मागे वळून बोलायला लागला. कोणत्या जागेवर खेळता, लाथ कोण मारतो, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, शाळा कोणती? तिथे रग्बी शाळेची असते. कोलंबोचं रॉयल कॉलेज आणि कँडीचं ट्रिनिटी कॉलेज 1920 पासून एकमेकांशी खेळतात, 1945 पासून ब्रॅडबी शील्डसाठी. आपल्याकडे क्रिकेटच्या सामन्याला नसेल एवढी गर्दी तिथे शाळकरी पोरांच्या रग्बीला. माझी शाळा जिल्हा परिषदेची, आणि तिथे लंबगोल चेंडू कोणी पाहिला नव्हता, हे मी त्याला सांगितलं नाही.

पहिला सामना आम्ही 38–0 हरलो. त्याचं कारण वेग होतंच, पण मध्यंतरात वेगळंच लक्षात आलं. आमचा कप्तान "उळ्ळे!" ओरडला की समोरचे आत सरकायचे, "वेळिये!" म्हटलं की बाहेर. चेन्नईत आम्ही तमिळमध्ये खुणा करायचो, कारण बंगळुरूचे किंवा हैदराबादचे संघ समोर असले की त्यांना पटकन कळायचं नाही. इथे समोरच्या संघात निम्मी पोरं घरी तमिळ बोलणारी. एकाने तर आमच्या कप्तानाला हसत दुरुस्त केलं, "मच्चान, उजवीकडे जागा जास्त आहे." मच्चान हा शब्द चेन्नईतही चालतो, कोलंबोतही. त्याने सांगितलं ते खरं होतं, हे आणखी झोंबलं.

त्या संध्याकाळी तोडगा काढला तो आमच्या तंजावूरकराने. त्याचं घराणं व्यंकोजीराजांच्या मागोमाग कधीतरी तंजावूरला गेलेलं, तो वाढला मयिलापूरला, आणि त्याची आजी अजूनही घरात मराठीच बोलते. जुनं, तमिळचा हेल घेतलेलं मराठी. मला त्यातलं अर्धं पहिल्यांदा कळायचं नाही आणि त्याला माझं कराडी. पण 'आत' आणि 'बाहेर' आम्हा दोघांचं एकच होतं. लॉजच्या गच्चीवर, बर्फाच्या पिंपात आळीपाळीने पाय बुडवत, आम्ही संघाला सहा शब्द शिकवले: आत, बाहेर, डावा, उजवा, मागे, सोड. दंतवैद्याच्या तोंडून 'बाहेर'चं 'बागेर' व्हायचं. तेही ठेवलं. शेवटचा शब्द खास माझ्यासाठी होता.

दुसरा सामना 26–7 हरलो, पण त्या सातांनी आम्ही सगळे वेडे झालो. दौऱ्यातला आमचा पहिला ट्राय होता तो, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं. तिसरा 12–10 जिंकलो. तंजावूरकर "डावा, डावा, आत!" म्हणत सुटला आणि समोरचे दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. परदेशी मैदानावर मराठी ऐकून ऊर वगैरे भरून येतो म्हणतात. मला फक्त चेंडू दिसत होता.

त्याच सामन्यात आमच्या डिलिव्हरीवाल्याचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आदळलं. उठला, हसला, खेळतो म्हणाला. फिजिओ बाईंनी त्याला आपण कुठल्या शहरात आहोत ते विचारलं. तो म्हणाला, वेलाचेरी. शंका आली की बाहेर, हा रग्बीतला नियम आहे आणि त्यावर वाद घालायचा नसतो. त्याने घातला. "तिकिटाला कर्ज काढलंय, अक्का," तो सांगत होता. बाईंनी त्याचे बूटच काढून आपल्या पिशवीत टाकले.

दुसऱ्या दिवशी तळातल्या संघांच्या गटाची उपांत्य फेरी. तोवर धडधाकट असे आम्ही नऊ जण उरलो होतो. दोन सामन्यांमधले दोन-तीन तास हे सेव्हन्सचं खरं दुखणं. शरीर थंड होतं, आखडतं, आणि पुन्हा पहिल्या मिनिटाला पूर्ण वेगाने पळायचं असतं. तरीही शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा फलक 14–12 दाखवत होता आणि चौदा आमचे होते. त्यांचा एक शिडशिडीत पोरगा डाव्या कडेने निसटला. मी तिरका पळालो आणि आमच्या रेषेपासून पाचेक मीटरवर त्याला गाठला. पट काढला. उभ्या आयुष्यात काढलेला सगळ्यांत देखणा पट.

"सोड!" तंजावूरकर ओरडला. "सोड रे, अण्णा!"

मी सोडलं नाही. पंच माझ्या पाठीमागे होते. दोन सेकंद धरून ठेवलं तर आमची माणसं मागे येऊन उभी राहतील आणि वेळ संपेल, एवढा हिशेब माझ्या डोक्यात झाला होता. शिट्टी वाजली. पंच फिरून समोर आले होते. पिवळं कार्ड. समोरच्या संघाने पेनल्टी तिथल्या तिथे पायाने टेकवून घेतली, मी कडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीत टेकायच्या आत चेंडू आमच्या कोपऱ्यात ठेवला होता. 17–14. माझी दोन मिनिटं भरायच्या आधी सामना संपला.

सगळ्यांनी माझी समजूत काढली. कबड्डीची सवय आहे, अण्णा, हात उघडत नाही, होतं असं. मी मान डोलावली. चेन्नईला परतल्यावरही वर्षभर हाच किस्सा हसत सांगत होतो. सवयीचा दोष म्हटला की माणूस सुटतो. पण मला 'सोड' ऐकू आलं होतं. तो शब्द मीच संघाला शिकवला होता आणि तो माझ्या आईच्या भाषेतला होता. न कळण्याचा प्रश्नच नव्हता. हात उघडत होता. मी उघडला नाही.

हे एकाला मात्र ठाऊक होतं. रग्बीत सामना संपला की दोन्ही संघ समोरासमोर रांगा करतात आणि टाळ्या वाजवत एकमेकांना त्यातून जाऊ देतात. त्या रांगेत तो शिडशिडीत पोरगा माझ्यापाशी थांबला, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "विट्टिरुक्कलाम, मच्चान." सोडायचं होतंस, गड्या. रागाने नव्हे. गावात म्हाताऱ्याने चुकलेल्या पोराला म्हणावं तसं, आणि वय असेल एकवीस.

गेल्या वर्षी, 2025 च्या जूनमध्ये, मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात पहिली रग्बी प्रीमिअर लीग झाली. 29 जूनच्या अंतिम सामन्यात चेन्नई बुल्सनी दिल्ली रेड्झना 41–0 हरवलं. आम्ही सगळे बिर्याणीवाल्याच्या दुकानात टीव्हीपुढे बसलो होतो. पोरं ट्राय मोजत होती, मी हात बघत होतो. कोणी पाडलं की लगेच तळवे उघडे, पंचांना दिसतील असे. त्या रात्री घरी जाताना तंजावूरकराला मी खरं काय झालं होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं. मी जवळच उभा होतो."

आता माझ्या गुडघ्याने खेळणं थांबवलंय. रविवारी पहाटे नव्या मुलांना पकडी शिकवतो. कबड्डीतून येणारी पोरं दोन दिवसांत तयार होतात. म्हणून सातारा-सांगली-कोल्हापूरच्या, तालमीत घाम गाळलेल्या आणि तिशीत "आता काय खेळायचं" म्हणून पोट सुटू दिलेल्या माझ्या भावांना सांगणं आहे: जवळ रग्बीचा क्लब असेल तर एकदा जाऊन बघा. बुटांआधी दातांचं कवच घ्या. परदेशी खेळायला जाणार असाल तर प्रवासविम्यात अंगाला अंग भिडणारे खेळ वगळलेत का, ते आधी वाचा. पट तुम्हाला येतोच. सोडायला कोणी सांगितलं, तर ऐका.