तिसऱ्या भोकाला तारच नव्हती!

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस लागला की भिंती ओल धरतात आणि कच्च्या वायरिंगचे सोंग उघडे पडते. एका घरी फ्रिजला हात लावताच माउलीला झिणझिण्या येत. सॉकेट नवेकोरे, ३ पिनांचे. पण तिसऱ्या भोकामागे तारच नाही! वायरमन मात्र पैसे घेऊन मोकळा. शिवाय फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार. मग फ्यूज उडावा कसा?

शेवटचा हप्ता देण्याआधी परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मागा. लाजू नका. ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती होताच तो वीज तोडतो. त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत जा. कोरड्या मातीत वीज नीट उतरत नाही.