मी दारू गाळतो

मराठीत ‘दारू गाळणे’ म्हटलं की डोळ्यांसमोर हातभट्टी येते. मी बारटेंडर आहे आणि रोज रात्री शब्दशः दारू गाळतो. त्यासाठी माझ्याकडे तीन गाळण्या आहेत.

पहिली हॉथॉर्न. चपटी, कडेला स्प्रिंग असलेली. ती शेकरच्या तोंडावर बसते. बोटाने पुढे सरकवली की फट बारीक होते आणि बर्फ मागे राहतो. जरा मागे घेतली की थोडा चुरा ग्लासात उतरतो.

दुसरी जुलेप, भोकं पाडलेल्या मोठ्या पळीसारखी. 19व्या शतकात अमेरिकेत ती पिणाऱ्याच्या ग्लासातच ठेवत, म्हणजे बर्फ दातांना लागत नसे. आता ती ढवळलेल्या ड्रिंकसाठी वापरतात. निग्रोनीत जिन, कँपारी आणि गोड व्हर्मुथ, प्रत्येकी 30 मिली. ढवळताना बर्फ फारसा फुटत नाही, त्यामुळे जुलेप पुरते.

तिसरी बारीक जाळीची, चहाच्या गाळणीची सख्खी बहीण. डायकिरी जोरात हलवली की बर्फाच्या कपच्या उडतात. त्या ग्लासात गेल्या तर वितळून ड्रिंक पाणचट करतात. म्हणून हॉथॉर्नखाली ही जाळी धरायची.

पण कायपिरिन्या गाळायचीच नाही. लिंबाच्या फोडी साखरेबरोबर चेचायच्या, वर कशासा आणि बर्फ, बस्स. गाळणी निवडताना प्रश्न एकच असतो: पिणाऱ्याच्या तोंडात काय जायला हवं?

हे सगळं घरी कधी बोललोच नव्हतो. आई नातेवाइकांना ‘हॉटेल लाइनमध्ये आहे’ एवढंच सांगते. दारूचा शब्द तेवढा गाळून टाकते, आणि त्याबरोबर माझं कामही.

या उन्हाळ्यात सुट्टीवर गेलो तेव्हा तिचं कैरीचं पन्हं मी बर्फ घालून शेक केलं. बारीक जाळी मुद्दाम वापरली नाही, तिने सगळा गर अडवला असता. हॉथॉर्न सैल धरली. रेषा मागे राहिल्या, गर ग्लासात आला.

आईने घोट घेतला. “रेषा नाही लागली एकही. हे तिथे शिकलास?”

“रोज हेच करतो.”

ती काही बोलली नाही. हॉथॉर्न उचलून तिची स्प्रिंग ओढून पाहिली आणि म्हणाली, “यात गर अडकत असेल. धुताना काढता येते का?”

येते. तुम्ही घेणार असाल तर तशीच घ्या.