यंत्रागणिक

इनस्क्रिप्ट कळफलकाची एक गंमत आपल्या सीमाभागात विशेष जाणवते. 'क'ची कळ दाबली की मराठीत 'क' उमटतो, आणि भाषा बदलताच त्याच कळीवर कन्नड 'क' उमटतो. ध्वनी सामाईक धरला, लिपी तेवढी निराळी ठेवली. संगणकावर कार्यप्रणाली बसवणाऱ्या स्क्रिप्टलाही नेमका हाच विवेक लागतो.

डेबियनच्या मंडळींनी तो पूर्वीच दाखवला. 2002 सालची 3.0 आवृत्ती 11 प्रकारच्या यंत्रांवर चाले. 2005 च्या 3.1 मध्ये त्यांनी इन्स्टॉलरच सुट्या तुकड्यांचा, नव्याने रचला. भाषा, घड्याळ, वापरकर्त्याचे नाव हे सर्वांना समान. यंत्र जागे करणारा तुकडा मात्र ज्याचा त्याचा. पीसीला ग्रब, पॉवरपीसीच्या मॅकला याबूट, स्पार्कला सिलो.

हे आठवण्याचे कारण निपाणीचे आमचे वाचनालय. तेथे एक 32 बिटांचा जुना पेंटियम आहे आणि देणगीत आलेला एक नवा, चिमुकला संगणक. प्रश्नांची तीच उत्तरे दोनदा देण्याचा कंटाळा म्हणून बेळगावचा माझा भाचा सारी उत्तरे एका फाइलीत लिहून घेऊन आला. पेंटियमचे काम चहा निवायच्या आत मार्गी लागले. (त्याला डेबियन 12 वरच समाधान मानावे लागते, ऑगस्ट 2025 च्या 13व्या आवृत्तीपासून 32 बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलरच मिळत नाही.)

नव्या यंत्रापाशी मी त्याला थांबवले. फाइलीत डिस्कचे नाव 'एसडीए' असे पक्के लिहिलेले होते. जुन्या यंत्रात ते आतल्या डिस्कचेच नाव. नव्यात आतल्या डिस्कचे नाव 'एनव्हीएमई'ने सुरू होते आणि 'एसडीए' हे नाव बाहेरून जोडलेल्या डिस्ककडे जाऊ शकते. आमच्या बाहेरच्या डिस्कवर तर गावातल्या जुन्या घराण्यांनी विश्वासाने दिलेल्या मोडी कागदांची छायाचित्रे! खरेदीखते, वाटणीपत्रे, कुणाच्या पणजोबांची पत्रे. मूळ कागद केव्हाच परत गेले, त्यांतले काही पुढच्या पावसाळ्यात भिजलेही. स्क्रिप्टने ती डिस्क निमूटपणे पुसली असती आणि वर काम यशस्वी झाल्याचे कळवले असते.

"मामा, मग नाव बदलून टाकतो," भाचा म्हणाला. मला ते पुरेसे वाटेना. उद्या तिसरे यंत्र येईल. शेवटी डिस्कच्या प्रश्नाचे उत्तर त्याने फाइलीतून काढूनच टाकले. आता इन्स्टॉलर तेथे थांबतो, डिस्कांची नावे व आकार दाखवतो आणि समोरच्या माणसाला विचारतो. मोडी कागदांची डिस्क तोवर कपाटात, कुलपात असते.