मुलुंडची पूर्व

मुलुंडला ‘ईस्ट’ म्हणजे रुळांची एक बाजू आणि ‘वेस्ट’ म्हणजे दुसरी. सूर्याशी त्याचं नातं तसं लांबचंच आहे, हे कळायला मला ऑटोकॅडवर सहा वर्षं घासावी लागली.

घाटकोपर आणि मुलुंड ही स्टेशनं नकाशावर सरळ रेषेने जोडून बघा. ती रेषा खऱ्या उत्तरेपासून साधारण २८ अंश पूर्वेला झुकते. अंधेरी ते बोरिवली अशीच रेषा काढली तर जेमतेम पाच-सहा अंश. म्हणजे बोरिवलीकरांची पूर्व बऱ्यापैकी खरी. आमची मात्र आग्नेयेकडे सरकलेली. रोज सकाळी मी मुलुंडहून घाटकोपरला येते, मेट्रो पकडून अंधेरीला ऑफिसात जाते. या प्रवासात कुठेतरी माझी पूर्व वीसेक अंशांनी फिरते. जाणवत नाही. गर्दीत जाणवायला इतर बरंच असतं.

गेल्या वर्षी आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि फ्लॅटच्या पसंतीचा फॉर्म आला. पूर्वेची बाजू की दक्षिणेचा कोपरा? आईची अट एकच: सकाळचं ऊन आत्ता येतं तसं देव्हाऱ्यापर्यंत यायला हवं. “तू रोज नकाशेच काढतेस ना, मग सांग.”

बिल्डरच्या प्लॅनमध्ये नवी इमारत कागदाला काटकोनात, अगदी सरळ उभी होती. जुन्या इमारतीला आणि रुळांना समांतर. सर्व्हेअरच्या फाइलमध्ये उत्तर बरोबर वर होती आणि इमारत तिरकी. दोन्हींमधला कोन काढायचा, एवढंच काम. ऑटोकॅडमध्ये एक ‘वर्ल्ड’ असतं, न हलणारं. आणि आपल्या सोयीने फिरवता येणारं एक ‘यूसीएस’. मी यूसीएस आमच्या भिंतीला लावलं, सर्व्हेअरची पूर्वेची रेषा ‘डिस्ट’ने मोजली. २८ आले. त्यावरून इमारत फिरवली, उन्हाचे कोन टाकले आणि आईला सांगितलं, “पूर्वेच्या फ्लॅटमध्ये थंडीत ऊन नीट येणार नाही. कोपऱ्यातला घेऊ.”

आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अगं, आत्ताची खिडकी त्याच बाजूला आहे ना? मार्गशीर्षातल्या गुरुवारी ऊन सरळ घटावर पडतं. ज्येष्ठातच ते बाजूच्या भिंतीवर तिरकं जातं. तुझा कंप्युटर काहीही म्हणू दे.”

मला आधी राग आला. मग पोटात गोळा, कारण फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

डिसेंबरच्या शेवटी मुंबईत सूर्य खऱ्या पूर्वेच्या साधारण २५ अंश दक्षिणेला उगवतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. आईचं खरं असेल तर आमची खिडकी पूर्वेच्या दक्षिणेला वळलेली असायला हवी. माझ्या ड्रॉइंगमध्ये ती उत्तरेला वळली होती.

चूक मोजण्यात नव्हती. ‘डिस्ट’ कोन सांगतं तो चालू यूसीएसच्या एक्स अक्षापासून. मी भिंतीवर उभी राहून खरी पूर्व मोजली होती. मला हवं होतं ते खऱ्या पूर्वेपासून भिंत किती फिरलीय ते. आकडा तोच, चिन्ह उलटं: उणे २८, म्हणजे ऑटोकॅडच्या भाषेत ३३२. आणि उलट्या बाजूला फिरवलं की चूक २८ अंशांची राहत नाही, ५६ची होते.

खात्रीसाठी ‘यूसीएसएक्सडीआयआर’ टाइप केलं. आपला एक्स अक्ष वर्ल्डमध्ये कुठे बघतोय ते हे व्हेरिएबल सांगतं. उत्तर आलं: ०.८८, -०.४७. दुसऱ्या आकड्याआधीची ती एवढीशी रेघ मी ऑफिसात किती वेळा न बघता पुढे गेले असेन, हा विचार करून त्या रात्री झोप लागली नाही. (सपाट प्लॅनमध्ये निदान एक कोन आणि चिन्ह पुरतं. थ्रीडीत कुठल्या अक्षाभोवती फिरलं तेही सांगावं लागतं. ऑयलरने अठराव्या शतकात दाखवलं की कितीही वेळा फिरवा, शेवटी ते एकाच अक्षाभोवतीचं एक फिरणं असतं. आमच्या ऑफिसात त्या वाटेला कोणी जात नाही, देवाची कृपा.)

सकाळी ड्रॉइंग पुन्हा फिरवून आईला दाखवलं. डिसेंबरची किरणं खिडकीतून थेट आत. तिने फॉर्मवर पूर्वेच्या फ्लॅटचा नंबर लिहिला, चष्मा काढला आणि प्लॅनवर बोट ठेवलं.

“ऊन येतंय तिथे हे काय काढलंय?”

“वॉशिंग मशीनची जागा.”

“मग ते हलव आधी.”