दुमडलेला कोपरा

ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात मशीन स्वतःचं मत छापतं. सरावाला बसलो की आधी तेवढा कोपरा मी दुमडून टाकतो. ‘नॉर्मल’ एकदा वाचलं, की पुढे डोळे त्याचीच री ओढतात.

आमच्या कॅज्युअल्टीत गर्दी ओसरली की सिस्टर आणि १०८ रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर जुन्या ईसीजी पट्ट्या घेऊन बसतात. नाव कापलेलं, सोबत वय आणि तक्रार एवढंच. मत आधी लिहायचं, मगच पुढे काय झालं ते विचारायचं. तोंडी चालत नाही. उत्तर कळल्यावर ‘मी तेच म्हणत होतो’ म्हणायला सगळेच मोकळे.

नवखे थेट आलेखातल्या एसटी भागावर झेप घेतात. कागद सेकंदाला २५ मिलिमीटरनेच सरकलाय का, एक मिलिव्होल्टला १० मिलिमीटर उंची आहे का, हे कोण बघणार? लीड एक पूर्ण उलटी दिसली तर हृदयाआधी हातांच्या वायरी तपासा. बहुतेकदा अदलाबदल झालेली असते.

एक पट्टी मी सगळ्यांना देतोच. पन्नाशीचे गृहस्थ, तक्रार ‘ॲसिडिटी’ची. लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी जेमतेम अर्धा मिलिमीटर वर. बहुतेक जण बाजूला ठेवतात. एव्हीएल पाहिली तर तिथे एसटी खाली, टी लाट उलटी. हृदयाच्या खालच्या भिंतीकडे ही लीड विरुद्ध बाजूने पाहते, त्यामुळे तिथला ॲटॅक कधीकधी आधी हिच्यात उमटतो. थोड्या वेळाने काढलेली दुसरी पट्टी शेजारी ठेवली, की तिन्ही लीडमध्ये एसटी ठसठशीत वर. अशा वेळी छातीच्या उजवीकडून व्ही४आर काढायचीच. उजवा कप्पाही सापडलेला असेल तर जिभेखाली सॉर्बिट्रेट दिल्यावर बीपी कोसळू शकतं.

गठ्ठ्यात नॉर्मल पट्ट्या भरपूर हव्यात, हे माझं ठाम मत. नुसते ॲटॅक दाखवले तर धडधाकट पोराचा मुळातच किंचित उचललेला एसटीही शिकणाऱ्याला घाबरवतो.

आणि वाचण्याइतकाच सराव काढण्याचा. व्ही१ बरगड्यांमधल्या चौथ्या फटीत, उरोस्थीच्या उजव्या कडेला. घाईत ती हमखास वर सरकते. घाम पुसा, केस काढा. घाटात असाल तर ड्रायव्हरला म्हणा, “दादा, गाडी जरा बाजूला घ्या.” हलत्या गाडीतली पट्टी कुणालाच वाचता येत नाही, मलाही नाही.