मध्यस्थ

लग्न जुळवणारा मध्यस्थ मांडवात फारसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पुढे संसार विस्कटला की मात्र बोल त्याच्याच माथी येतो. मनुष्याच्या पेशीतही असाच एक मध्यस्थ नांदतो. १९९२ साली ग्रब-२ या नावाने तो विज्ञानाला परिचित झाला. अवघ्या २१७ अमिनो आम्लांचे हे प्रथिन स्वतः काही घडवत नाही आणि मोडतही नाही. त्याला जणू तीन हात आहेत. पेशीच्या पटलावरील ग्राहीवर फॉस्फेटची खूण उमटली, की मधल्या हाताने तो ती धरतो. कडेच्या हातांनी त्याने एसओएस नावाच्या प्रथिनाला धरून ठेवलेले असते. एसओएस पटलाशी येऊन रास या प्रथिनाला जागे करते, आणि वाढीचा निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो.

हा मध्यस्थ फार जुन्या घराण्यातला आहे. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीतही त्याचा भाईबंद सापडला. त्या कृमीचे सदोष जनुक असलेल्या जागी मनुष्याचे जनुक कामाला लावले, तेव्हा त्याने ते काम निभावून नेले.

मग हाच इमानी सेवक कर्करोगाच्या कामी कसा येतो? दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून बीसीआर-एबीएल हे विपरीत प्रथिन जन्मते. त्याच्या १७७ व्या स्थानावरील टायरोसिनवर तीच ओळखीची खूण असते. ग्रब-२ ती पाहतो, हात पुढे करतो आणि नेहमीचा निरोप धाडतो. बाहेरून वाढीची हाक आलेलीच नाही, हे त्याला कळण्याची सोय नाही. इकडे रक्तातील पांढऱ्या पेशी बेसुमार वाढत राहतात.

अशा मध्यस्थालाच हद्दपार करावे, असे कुणालाही वाटेल. परंतु ज्या उंदरांत हे जनुक पूर्णपणे काढून टाकले, ते गर्भावस्थेच्या आरंभीच मरण पावले, असे १९९८ साली दिसून आले. ज्याच्यावाचून जीव आकारच घेत नाही, त्याला शिक्षा तरी कोणती करावी? २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले इमॅटिनिब हे औषध मध्यस्थाला हातही लावत नाही. ते बीसीआर-एबीएलची खुणा उमटवण्याची शक्तीच रोखते. खूण पुसली जाते, आणि मध्यस्थ खऱ्या हाकेची वाट पाहत थांबून राहतो.